एका डोळ्याचा जमाखर्च

चिमणीहून किंचित लहान अशा एका पाणपक्ष्याचे पाय काळे आहेत की पिवळसर, एवढ्या एकाच मुद्द्याचा निर्विवाद निकाल लागावा म्हणून, जिल्हा कोषागारात चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप घेण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाने पुरते अकरा महिने आणि सत्तावीस हजार रुपये वेचावेत, ही हकीकत जर मला दुसऱ्या कोणाच्या दप्तरात आढळली असती, तर समासात तांबड्या शाईने मी कोणता शेरा मारला असता हे मी पुरेपूर जाणून आहे. तेव्हा इतर कोणी फेरतपासणी काढण्यापूर्वी आपली कैफियत आपणच सादर केलेली बरी, अशा सावध विचाराने ही लेखणी उचलली आहे.

दरवर्षी जानेवारी महिन्यात आशिया खंडातील पाणपक्ष्यांची खानेसुमारी होत असते. 1987 सालापासून हा परिपाठ चालू आहे. निवृत्तीनंतर सलीम अलींच्या पुस्तकाची एक जुनी प्रत हाती लागल्यापासून मला पक्ष्यांचा नाद जडला होता, आणि मोजदाद हा तर माझा जन्माचा व्यवसाय; तेव्हा उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठी, त्या खानेसुमारीत मी मोठ्या उत्साहाने रुजू झालो. समोर चिखलाचा विस्तीर्ण पट्टा होता, त्यावर करड्या रंगाचे चिमुकले पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखे टोचत टोचत धावत होते, आणि मी माझ्या द्विनेत्री दुर्बिणीतून ते काटेकोरपणे मोजून ‘छोटा टिलवा – 43’ अशी सुवाच्य नोंद केली होती. इतक्यात आमच्या तुकडीतील एक महाविद्यालयीन मुलगी माझ्या खांद्यावरून कागदात डोकावली आणि म्हणाली, “काका, ह्यांत टेमिंकचे टिलवे किती?”

छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोघे चुलतभाऊ लांबून इतके एकसारखे दिसतात की त्यांच्यातील ठळक भेद बराचसा पायांवर येऊन ठेपतो: पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळट-हिरवट. आता दीडशे पावलांवरच्या चिखलात उभ्या असलेल्या, काडेपेटीतील काडीहून बारीक अशा पायांचा रंग आठपट मोठे करून दाखवणाऱ्या माझ्या दुर्बिणीतून कसा दिसावा? तिच्यातून पायांचे केवळ अनुमान होत होते. पक्षी अधांतरी नाही, त्याअर्थी पाय असावेत, एवढेच. मी हे प्रांजळपणे कबूल केले, तेव्हा त्या मुलीने, घरी नळ आहे का असे विचारावे तितक्या सहज स्वरात विचारले, “काका, स्कोप नाही तुमच्याकडे?”

स्कोप, म्हणजे ज्याला जाणकार स्पॉटिंग स्कोप म्हणतात तो, ही तिपाईवर बसवलेली एकनेत्री दुर्बीण होय. ती पंधरा-वीसपटीपासून थेट साठपटीपर्यंत वस्तू मोठी करून दाखवते, खगोलशास्त्राच्या दुर्बिणीप्रमाणे जगाला उलटे टांगत नाही, आणि तिच्या खरेदीचा विषय घरात निघाला की जे उलटेपालटे होते ते निराळ्याच कारणाने.

“अहो, एक दुर्बीण आहे ना घरात?” सौभाग्यवतींनी विचारले.

“आहे. पण ती दोन डोळ्यांची आहे.”

“मग आता एका डोळ्याची घ्यायला दुप्पट पैसे का?”

चौतीस वर्षांच्या सेवेत इतका नेमका आक्षेप मला कोणत्याही कागदावर नोंदवता आला नव्हता. त्याचा खुलासा शोधण्यासाठी मी इतिहासाकडे वळलो, तर इतिहासही घरच्याच बाजूने उभा राहिला. 1608 सालच्या ऑक्टोबरात हान्स लिपरहे नावाचा मिडलबर्ग गावचा चष्मेवाला दुर्बिणीचे एकाधिकारपत्र मागण्यासाठी नेदरलँड्सच्या संसदेपुढे दरखास्त घेऊन गेला. ही वस्तू कोणालाही सहज बनवता येईल आणि आणखीही काही जण तिच्यावर हक्क सांगतात, अशा सबबीवर त्याचा अर्ज नामंजूर झाला. मात्र त्याला बरी रक्कम देऊन सरकारने फर्मावले की, हे यंत्र एका डोळ्याऐवजी दोन डोळ्यांचे करून दे. म्हणजे दुर्बिणीचा जन्म झाला नाही तोच ‘एकच डोळा का?’ ही हरकत निघाली होती. आमच्या स्वयंपाकघरातील मत आणि डच संसदेचा ठराव यांत असे साडेतीन अक्षरांचेही अंतर नाही, हे पाहून मी प्रकरण तूर्त तहकूब केले, आणि सरकारी माणूस कोंडीत सापडला म्हणजे जे करतो तेच केले: तुलनात्मक तक्ता करावयास घेतला.

तक्त्यात पहिला रकाना अर्थातच किमतीचा होता. त्याच्या एका टोकाला ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतात घडणारे स्वारोव्स्कीचे स्कोप होते. त्यांतील मोठ्या स्कोपची किंमत तीन लाखांच्या पुढे जाते, आणि ती ऐकल्यावर डोळे असे फिरतात की मग स्कोपला लावायला डोळाच शिल्लक राहत नाही. दुसऱ्या टोकाला दीड-दोन हजारांत ‘चंद्रावरचे खड्डे मोजा’ असे आवाहन करणारी नळकांडी होती. त्यांच्यावर शंभरपट, तीनशेपट असे आकडे छापलेले असतात, आणि ते पाहताना मला मार्चअखेरीस खात्याखात्यांतून येणाऱ्या फुगवलेल्या अंदाजपत्रकांची आठवण झाली. मध्ये जी अफाट पोकळी होती, तीत पंधरा-वीस हजारांच्या आसपास माझ्या निवृत्तीवेतनाला मानवेल असा एखादा स्कोप लपलेला असणार, आणि त्याला हुडकून काढणे म्हणजे चिखलात टिलवा हुडकण्याइतकेच कठीण काम होते.

येथे एक अनुभवाचा बोल सांगून ठेवतो. स्वस्त स्कोप घेण्याचे ज्याने मनाशी मुक्रर केले असेल, त्याने महागड्या स्कोपला चुकूनही डोळा लावू नये. भिगवणच्या काठावर एका सज्जन डॉक्टरांनी आपल्या लाखमोलाच्या स्कोपमधून मला एक चित्रबलाक दाखवला. त्याच्या पिसांवरचा गुलाबी रंग, चोचीवरचा पाण्याचा थेंब आणि त्या थेंबात उलटे दिसणारे आकाशसुद्धा मला दिसले. त्यानंतर तीन आठवडे मला कोणताही स्कोप पसंत पडला नाही, आणि घरचे जेवणही जरा धूसरच लागले.

माझा पुतण्या भौतिकशास्त्र शिकवतो. तक्त्यातील दुसरा रकाना त्याने भरून दिला. “काका, पटीच्या आकड्याला भुलू नका,” तो म्हणाला. “समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. साठ मिलिमीटरचे भिंग आणि साठपट म्हणजे डोळ्याशी प्रकाशाची फक्त एक मिलिमीटरची चकती येणार. पक्षी मोठा दिसेल, पण तो दिवे गेल्यावर शेजारी दिसावा तसा. तेच ऐंशीचे भिंग वीसपटीला लावा, चार मिलिमीटर येतील.” साठाच्या भिंगापेक्षा ऐंशीचे भिंग पावणेदोन पटीहून थोडा जास्तच प्रकाश गोळा करते, हा हिशेब तर मी तोंडीच केला, आणि मोठ्यात मोठे भिंग घ्यावे अशी टिपणीही लिहून टाकली. परंतु पुतण्याने तिच्यावर दोन हरकती घेतल्या. पहिली अशी की, थोड्या पैशांत मोठे भिंग म्हणजे बहुधा सुमार काच. त्यापेक्षा लहान पण चांगली काच बरी. दुसरी हरकत अधिक मर्मभेदक होती. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते, पण वयाबरोबर हा विस्तार आकसत जातो, आणि उतारवयात तो पाचाच्या आसपास येऊन थांबतो. निवृत्तीच्या दिवशी आपला पगार घटला एवढेच मी समजत होतो. डोळ्यांच्या बाहुल्यांनाही निवृत्तीवेतनच मिळते, हे मला त्या दिवशी कळले.

तिसरा रकाना वाकड्या आणि सरळ स्कोपचा. सरळ स्कोपमध्ये नजर आणि नळी एका रेषेत असतात. वाकड्या स्कोपचे नेत्रभिंग पंचेचाळीस अंशांत वर वळलेले असते, म्हणून पक्षी समोर असताना पाहणाऱ्याला नमस्कार केल्यासारखे खाली वाकावे लागते. मी आजन्म नाकासमोर पाहून नोकरी केलेला माणूस. माझा कौल साहजिकच सरळ स्कोपला होता. परंतु त्या महाविद्यालयीन मुलीने एक मुद्दा काढला, आणि त्याने पुढे सगळ्या प्रकरणाला निराळे वळण लागले. “वाकडा घ्या, काका. एकदा कमी उंचीवर लावून ठेवला की उंच माणूस वाकून पाहतो, लहान मूल टाचा उंचावून पाहते. प्रत्येकासाठी तिपाई वरखाली करावी लागत नाही.” प्रत्येकासाठी, हा शब्द माझ्या लक्षात आला खरा, पण तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो मी तसाच सोडून दिला.

मग दुकानदारी सुरू झाली. एका दुकानातल्या तरुणाने मला आदराने बसवून घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, बजेट असेल तर ईडीच घ्या.” ही दोन अक्षरे कानावर पडली की हल्ली भल्याभल्यांच्या पोटात गोळा उठतो, आणि मी तर हिशेबखात्यातला माणूस, माझे हात नकळत खिशातील कागदांकडे गेले. ईडी हे एका काचेचे नाव आहे, असा त्याने खुलासा केला. साध्या भिंगातून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकवटतात, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र बगळ्याच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवी किनार उमटते. ईडी काच हा फाटाफुटीचा प्रकार बराच आवरते. मी किंमत विचारली, ऐकली, आणि बगळा जरीकाठीच बरा असा निर्णय घेतला. लग्नात शालूसाठी काठाचे निराळे पैसे मोजले होते. येथे तो फुकट मिळत होता.

दुसऱ्या एका ठिकाणी वापरलेला स्कोप अर्ध्या किमतीत पडून असल्याची वार्ता लागली. बाहेरून तो इतका देखणा होता की इसारा देण्यासाठी मी पाकीट काढलेही. पण पुतण्याने त्याच्या मोठ्या तोंडातून विजेरीचा झोत टाकला, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक पांढरी बुरशी पसरलेली दिसली. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, भिंगांना ही बाधा हमखास होते. झारीतील शुक्राचार्य म्हणतात ते हेच! फरक एवढाच, की पुराणातल्या शुक्राचार्यांना दर्भाची काडी टोचून हलवता आले, आणि त्यांचा एक डोळा गेला; हे शुक्राचार्य कशानेच हलत नाहीत, आणि डोळा जातो तो गिऱ्हाइकाचा. तेव्हा नायट्रोजन भरून जलरोधक केलेलाच स्कोप घ्यावयाचा, आणि पावसाळ्यात तो दमट हवा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, अशी अट तक्त्यात घातली. तो डबा पुढे दिवाळीच्या लाडवांचा ठरला, आणि त्या वर्षी लाडू कढईत झाकून ठेवावे लागले, याची जबाबदारी मी स्वीकारतो.

चष्म्याचा रकाना मला फार उशिरा सुचला. डोळा नेत्रभिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, यालाही एक माप असते, आणि चष्मा लावणाऱ्याला ते निदान पंधरा मिलिमीटर तरी हवे. नाही तर चष्म्याची काच नेत्रभिंगावर टकटक वाजते आणि विश्व किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसते. या एका रकान्याने तक्त्यातील अर्धे उमेदवार बाद केले.

होता होता ऑक्टोबर उलटला. ज्या टिलव्यांच्या पायांवरून हे सारे प्रकरण उपस्थित झाले होते, ते मधल्या काळात उत्तर ध्रुवाच्या शेजारी, थेट टुंड्राच्या मुलखात जाऊन, जोडीदार निवडून, अंडी-पिल्ले वगैरे संसार यथासांग आटोपून, हजारो मैलांचा प्रवास करून पुन्हा उजनीच्या चिखलात हजर झाले. आणि माझा तक्ता अद्याप अपुरा होता. त्यांच्या जोडीदारांच्या निवडीत तक्ता नसावा, हे उघड आहे.

शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पासष्ट मिलिमीटर भिंगाचा, सोळा ते अठ्ठेचाळीस पटींचा, वाकडा, जलरोधक, विनाईडी असा स्कोप अठरा हजारांना खरेदी केला, आणि स्वतःच्या काटकसरीवर प्रसन्न होऊन घरातल्या जुन्या छायाचित्रणाच्या तिपाईवर चढवून गच्चीवर नेला. वाऱ्याची एक झुळूक आली. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा चाळीसपटीने भूकंपात सापडला. मी श्वास रोखून धरला तरी तो थरथरतच राहिला, कारण कापत मी नव्हतो, तिपाई कापत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण पक्षिनिरीक्षकांसाठीच निघाली असावी. दणकट तिपाई आणि लोण्यासारखे फिरणारे तिचे डोके यांसाठी आणखी नऊ हजार गेले. तक्त्यात अठरा रकाने होते, तिपाईचा नव्हता.

जानेवारीत पुन्हा खानेसुमारी आली. या खेपेस सौभाग्यवतीही आल्या. त्या पक्ष्यांसाठी आल्या नव्हत्या, सत्तावीस हजार प्रत्यक्ष काय करतात हे पाहण्यासाठी आल्या होत्या. प्रथम मी स्कोप होडीत ठेवला, आणि पाण्यावरच्या होडीत तो संपूर्ण निरुपयोगी असतो हे ज्ञान पदरात पाडून घेतले: होडी बोटभर हलली की रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा दृष्टिक्षेत्रातून सरपटत निघून जातो. तेव्हा काठावर उतरून तिपाई रोवली. साडेनऊपर्यंत ठीक चालले. मग ऊन चढले, चिखलावरून हवेचे लोट उठू लागले, आणि मी हौसेने पट वाढवत गेलो तसतसे रोहित वितळू लागले, माना लाटांसारख्या हेलकावू लागल्या. अठ्ठेचाळीस पटींनी मी जे मोठे केले होते ते पक्षी नव्हते, हवा होती. मुकाट्याने मी कळ परत सोळावर आणली, आणि मोठ्या आकड्यासाठी मोजलेले पैसे खर्ची टाकले.

तोवर माझ्यामागे रांग लागली होती.

ती कोणी लावली, मला सांगता येणार नाही. द्विनेत्री दुर्बीण गळ्यात घालून मी याच काठावर चार हिवाळे हिंडलो होतो, तेव्हा कोणी जवळही फिरकले नव्हते. गळ्यातली वस्तू खाजगी मालमत्ता असते, आणि दुसऱ्याच्या गळ्यात हात घालण्याची आपल्याकडे रीत नाही. पण तीन पायांवर जमिनीत रोवून उभी केलेली वस्तू पाणपोईसारखी सार्वजनिक होते. वस्तीवरची पोरे आली, त्यांच्या मागून मासळी निवडणाऱ्या बाया आल्या, म्हशी राखणारा एक म्हातारा आला. पोरे एक डोळा मिटायला सांगितले की दोन्ही मिटत आणि “दिसलं!” म्हणून ओरडत. एका आजीबाईंना बराच वेळ स्वतःच्याच पापण्या दिसत राहिल्या. “क्यासं दिसत्यात बाबा नुसती,” असे त्या म्हणाल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या, त्यावरून रोहित दिसला हे मी ओळखले. एका पोराने निर्णय दिला, “ह्याचा गुडघा उलटा हाय.” तो गुडघा नसून घोटा असतो, हे सांगण्याचे मी टाळले. सौभाग्यवतींनी डावा डोळा लावून शेकाट्याचे लांबलचक तांबडे पाय पाहिले आणि विचारले, “हा इतका वेळ इथेच होता?”

इतक्यात जवळच्या चिखलात टिलवे उतरले. मी स्कोप त्यांच्यावर नेला, आणि अकरा महिन्यांची तपश्चर्या फळाला आली असे म्हणणार तोच दिसले की, त्यांच्या पायांना चिखल माखला आहे आणि एकूण एक पाय काळे आहेत. आमचा नावाडी शेजारी बिडी विझवत उभा होता. त्याने डोळा लावला, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “सायेब, दम धरा. पाय धुऊ द्या की त्याला.”

आम्ही दम धरला. एक टिलवा डुलत डुलत पाण्यात उतरला, चार पावले चालला आणि पुन्हा वर आला. हळद कमी पडलेल्या वरणाचा जो रंग असतो, त्या रंगाचे ते पाय होते. हा टेमिंकचा टिलवा. ज्या टेमिंकचे नाव या पक्ष्याला मिळाले, तो नेदरलँड्सचाच. त्याचे वडील डच ईस्ट इंडिया कंपनीचे खजिनदार होते, आणि पक्ष्यांचा पहिला संग्रह त्याला वडिलांकडूनच मिळाला. कोषागार आणि पक्षी यांचे नाते माझ्यापासून सुरू झालेले नाही, हे वाचले तेव्हा मला केवढा धीर आला होता! ही हकीकत मी नावाड्याला मोठ्या रंगात सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि म्हणाला, “ह्यो निराळा हाय, ते ठावं हाय मला. उडाला की शेपटीच्या कडंला पांढरं दिसतं.”

माझ्या तक्त्याचे अठरा रकाने त्या एका वाक्यात निकालात निघाले. पक्षी ओळखण्यासाठी त्याला स्कोपच काय, थांबण्याचीही गरज नव्हती. “मग इतका वेळ डोळा लावून काय पाहत होतास?” मी विचारले.

“पाय,” तो म्हणाला. “लहानपणापासनं बघतोय ह्यास्नी. पर पाय कवा बघितलं नव्हतं.”

घरी आल्यावर मी एक वही घातली. खर्च स्कोपचा आणि तिपाईचा मिळून सत्तावीस हजार. जमेस, त्यातून पाहणारा प्रत्येक डोळा. पहिल्या हिवाळ्याअखेर 216 डोळे जमा झाले, दर डोळी 125 रुपये पडले. तिसऱ्या हिवाळ्याअखेर 540 झाले आणि दर 50 रुपयांवर उतरला. माझ्या नऊ हजारांच्या द्विनेत्री दुर्बिणीचा दर मात्र पहिल्या दिवसापासून दर डोळी साडेचार हजार आहे, आणि दोन्ही डोळे माझेच असल्यामुळे तो उतरण्याचा संभव नाही. एका डोळ्याला दुप्पट पैसे का, या आक्षेपाचे लेखी उत्तर म्हणून ती वही मी सौभाग्यवतींसमोर ठेवली. त्यांनी ती बोट फिरवत शेवटपर्यंत तपासली, बेरजा पडताळल्या, आणि प्रकरण मंजूर केले. लाडवांच्या डब्याचे दोनशे रुपये खर्ची पडले नाहीत, एवढी एक त्रुटी मात्र काढली. वहीत शेऱ्याचा एक रकाना आहे. बहुतेक डोळ्यांपुढे तो कोरा आहे, काहींपुढे ‘गुडघा उलटा’, ‘केस दिसले’ अशा नोंदी आहेत. नावाड्याच्या डोळ्यापुढे मी तांबड्या शाईने लिहिले आहे: ‘पाय पाहिले.’